थंडीत नेपियर गवत बसलं, युरिया देऊनही हलत नाही. मार्चपर्यंत काय करावं?

बरडवाला, कळमेश्वर

नमस्कार मंडळी. माहिती आधीच सगळी देतो, म्हणजे पुन्हा विचारायचं काम पडणार नाही.

दीड एकर संकरित नेपियर आहे, बहुतेक को-४ वाण आणि एका कडेला फुले जयवंत. लागवडीचं तिसरं वर्ष. त्यातलं एक एकर काळं भारी, अर्धा एकर बरड. ओलित विहिरीवर, पाणी पाटाने, लाइन (वीज) रात्रीची. गोठ्यात आठ दुभत्या संकरित गाई, दोन म्हशी, चार कालवडी.

शेवटची कापणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली, विळ्याने अगदी जमिनीलगत. त्यावर एकरी एक पोतं युरिया. फूट दिसेना म्हणून जानेवारी लागताच आणखी अर्धं पोतं. पाणी दर आठवड्याला. आता जानेवारीचा मध्य आला आणि गवत गुडघ्याच्या खालीच आहे. थंडीची लाट येऊन गेल्यावर पानांची टोकं वाळून पांढरी पडली. काळ्या रानात कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या. बरडावर उलट, खालची जुनी पानं पिवळी. काही ठोंबांना तर एवढ्याशा उंचीवर फुलोरा आला.

प्रश्न :
आणखी युरिया द्यावा की १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत) फवारावं?
संत्र्यावर मारतात ते जिब्रेलिक (वाढीचं संजीवक) गवतावर चालते काय? दुकानदार म्हणते, चालते.
गवत वर येईपर्यंत जनावरांचं कसं भागवावं?
आणि पुढच्या हिवाळ्यात हेच होऊ नये म्हणून काय पेरावं?

---

हिरवा_चारा

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी : युरिया आता एक दाणाही नको. कारण सांगतो.

नेपियर हे मका-ज्वारी-ऊस यांच्या जातीचं उष्ण गवत. २५ ते ३५ अंशांत ते धावतं, १५ च्या खाली रांगतं आणि १० च्या खाली जवळपास थांबतं. वाढीचा ढोबळ हिशेब असा करता येतो : दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान तापमान यांची सरासरी काढा, त्यातून १२ वजा करा. उरलेले अंश गवताच्या कामाचे. पावसाळा संपताना आपल्याकडे सरासरी २७-२८ असते, म्हणजे रोजचे १५-१६ अंश. नागपूरच्या सर्वसाधारण जानेवारीत दुपारी २८, पहाटे १२, सरासरी २०, म्हणजे ८ अंश. वेग निम्म्यावर. आणि लाटेच्या दिवसांत दुपारी २५, पहाटे ७ असलं की सरासरी १६, हातात फक्त ४. वेग पाव. सप्टेंबरात ४५ दिवसांत येणारी कापणी डिसेंबर-जानेवारीत ८० ते ९० दिवसांवर जाते ती अशी. तुमचं गवत आजारी नाही, ते या हिशेबाप्रमाणेच चाललंय. त्यात दिवसही लहान, डिसेंबरात आपल्याकडे उजेड ११ तासांच्या आतच असतो.

फुलोऱ्याचंही तेच. नेपियर लहान दिवसांत फुलोऱ्यावर येतं. फुलोरा आलेला फुटवा पुढे पान देत नाही, नुसती काडी होते. असे फुटवे दिसतील तसे बुडापासून काढा, ठोंबाची ताकद खालच्या डोळ्यांना जाऊ द्या.

आता युरिया. झाड वाढतच नसेल तर नत्र घेऊन करेल काय? शिवाय आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या वर. असल्या मातीवर युरिया फेकून तो वरच पडून राहिला की त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो, आणि कोरडी हवा नि वारा असला की जास्तच. पाणी त्याच दिवशी दिलं असेल तर बराचसा जमिनीत गेला असेल, म्हणजे तो अजून तिथेच आहे. उबारा आला की तोच कामी येईल. एकरी दीड पोतं म्हणजे ३१ किलो नत्र झालं, एका कापणीला १० ते १२ किलो पुरतं.

१९:१९:१९ ने पैशापलीकडे काही हलणार नाही. गुडघ्याएवढ्या गवताला पान आहेच किती ते शोषायला!

आता पिवळेपणा, आणि इथे तुमच्या दोन तुकड्यांचं दुखणं वेगळं आहे.

काळ्या रानात कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या : ही लोहाची कमतरता. लोह मातीत आहे, पण चुनखडीच्या मातीत पाणी साचलं की मुळांना ते मिळत नाही. कारण तुमचं आठवड्याचं पाणी. जानेवारीत नेपियर दिवसाला साधारण ३ मिलिमीटर पाणी वापरतं, तेही पूर्ण वाढलेलं असेल तर. १४ दिवसांचे झाले ४२ मिलिमीटर, एकरी १ लाख ७० हजार लिटरच्या आसपास. एवढं तर भारी जमीन एका पाण्यात धरून ठेवते. म्हणजे काळ्या रानाला १२ ते १५ दिवसांनी पाणी पुरे. तुम्ही दर आठवड्याला देता, रान सतत ओलं, मुळांना हवा नाही, आणि ओली माती दिवसा तापायलाही वेळ लावते. आधी पाणी तोडा, वाफसा येऊ द्या (जादा ओल उतरून माती मोकळी होऊ द्या), दोन ओळींमधून डवरा किंवा कोळपं फिरवा. माती भुसभुशीत झाली की निम्मा पिवळेपणा आपोआप जातो. तरी राहिला तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, दव उडाल्यावर सकाळी फवारा, ८-१० दिवसांनी पुन्हा एकदा. द्रावण त्याच वेळी बनवा, पिंपात ठेवलं की तांबूस होऊन वाया जातं.

बरडावर जुनी पानं पिवळी : तिथे खरंच नत्र कमी आहे, कारण आठवड्याच्या पाटपाण्याने ते खाली वाहून गेलं. तिथे पाणी ७-८ दिवसांनीच, पण हलकं, आणि नत्र फेब्रुवारीत. आता नाही.

पानांची वाळलेली टोकं म्हणजे थंडीचा चटका. ती पुन्हा हिरवी होत नाहीत. त्यासाठी गवत कापू नका, खालचं पान जिवंत आहे.

---

धुऱ्यावरचा

हिरवा_चारा भाऊंच्या पाण्याच्या मुद्द्यात भर घालतो. रात्रीचं पाणी वाईटच असं समजू नका राजेहो. विहिरीचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा गरम असतं, पहाटे वाफा निघतात ते त्याचमुळे. हवामान खात्याने थंडीची लाट सांगितली असेल त्या संध्याकाळी हलकं पाणी दिलं तर ओली माती दिवसाची ऊब रात्री सोडते आणि पानाजवळचा पारा थोडा वर राहतो. संत्रा-भाजीपालावाले हेच करतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश झाले होते, तसल्या रात्री कोरड्या रानातली पानं पार पांढरी पडतात. पण लाटेचं पाणी म्हणजे ओलं करण्यापुरतं, रान भरायचं नाही. पाटाने नीट जमत नसेल तर एकाआड एक सरीत सोडा.

तळ्यात किंवा टाक्यात रात्रभर थंड झालेलं पाणी मात्र पहाटे देऊ नका, त्याने उलटंच होतं.

---

जिगरी_गोठा

जिब्रेलिकवर कोणीच बोललं नाही. माझं मत, मारून बघायला काय हरकत आहे? परदेशात गवतावर सर्रास मारतात.

---

हिरवा_चारा

मारतात, पण कशावर ते बघा. न्यूझीलंडमध्ये रायग्रासच्या कुरणांवर हेक्टरी साधारण ८ ग्रॅम मारतात. रायग्रास हे थंडीचं गवत, ५-१० अंशांतही त्याचं काम मंद का होईना चालू असतं, जिब्रेलिक फक्त त्याची उंची ताणतं. मारल्यावर पान लांब आणि फिकट होतं, आणि हे सगळं मुळातल्या साठ्यावर. तिथे ते कुरण आधी भरलेलं असतं, नत्र-पाणी बरोबर दिलेलं असतं.

इथे ठोंब जमिनीलगत कापलेला, साठा संपलेला, गवत उष्ण जातीचं आणि पहाटे ८ अंश. खिशात पैसे नाहीत त्या माणसाला खर्च वाढवायला सांगण्यासारखं आहे ते. संत्र्याची बाटली संत्र्यालाच राहू द्या.

आणि कापणीचं सांगायचं राहिलं. जमिनीलगत कापणं हेच तुमचं सगळ्यात मोठं नुकसान आहे, युरियापेक्षाही. फूट येते ती बुडाच्या चार बोटं वरच्या कांड्यांत साठलेल्या साखरेवर. पावसाळ्यात पानं चार दिवसांत येतात म्हणून खाली कापलं तरी निभतं. हिवाळ्यात पान यायला तीन आठवडे लागतात, तेवढे दिवस ठोंब साठ्यावर जगतो. नोव्हेंबर ते जानेवारी कापणी १५ सेंटिमीटर वरून, म्हणजे वीतभराहून थोडं कमी. आता जे गवत आहे त्याला फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हात लावू नका.

रात्रीचं किमान सलग आठवडाभर १४ च्या वर राहायला लागलं, आपल्याकडे बहुधा फेब्रुवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, की मग एक साफसफाईची कापणी करा, ८ ते १० सेंटिमीटरवर. मेलेल्या काड्या, फुलोऱ्याचे दांडे सगळं काढा, म्हणजे ठोंबात ऊन शिरेल. मग ओळींमधून वखरणी, एकरी ४-५ टन चांगलं कुजलेलं शेणखत, एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट (त्यातून गंधकही मिळतं), मातीत मिसळून पाणी. पाण्यानंतर वाफशावर बरडाला अर्धं पोतं युरिया आणि लगेच हलकं पाणी. काळ्या रानाला पाव पोतं पुरे, आधीचा तिथे आहे. मार्चच्या शेवटी कापणी हातात येईल.

तिसरं वर्ष म्हणता तर ठोंबांच्या मध्यात पोकळी पडली का तेही बघा. पडली असेल तर नांग्या भरा (रिकाम्या जागी नवी लावण करा), पण त्याही फेब्रुवारी अखेरीस. आत्ता लावलेल्या दोन डोळ्यांच्या कांड्या फुटण्याआधी कुजतात.

---

गुरांची_डॉक्टर

सगळे गवताच्या वाढीवर बोलत आहेत. मला त्या गवतात काय साठलंय याची जास्त काळजी आहे. बरडवाला भाऊ, हे नीट वाचा.

नत्र भरपूर, थंडी, वाढ बंद : ही गवतात नायट्रेट साठण्याची पाठ्यपुस्तकातली परिस्थिती आहे. मूळ नायट्रेट ओढत राहतं, पण त्याची प्रथिनं बनवायला पानाला ऊब आणि उजेड लागतो. तो नाही म्हणून ते बुडाच्या कांडीत साठतं. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. लक्षणं खाल्ल्यावर काही तासांतच : धाप, थरथर, तोल जाणं, श्लेष्मल त्वचा निळसर-तपकिरी, आणि रक्त चॉकलेटी. गाभण गाय वाचली तरी गाभडू शकते. औषध आहे, मेथिलीन ब्लू, पण ते शिरेतून, डॉक्टरनेच द्यायचं. घरगुती काही नाही.

म्हणून : दुसऱ्या युरियानंतर किमान तीन आठवडे, आणि त्यातले काही दिवस तरी उन्हाचे, गेल्याशिवाय हे गवत दावणीत टाकू नका. टाकाल तेव्हा बुडाची वीतभर कांडी रानातच सोडा, सगळ्यात जास्त नायट्रेट तिथे असतं. आधी कुटार (मळणीनंतरचा भुसा) किंवा कडबा खाऊ घाला, मग हिरवं, तेही एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी, पहिले चार दिवस त्याहून थोडं. उपाशी जनावराला सकाळी पहिल्यांदा हेच गवत, असं कधीच नको. कापलेलं गवत ढिगात रात्रभर तापू देऊ नका, ढिगात नायट्रेटचं नायट्राइट तिथेच व्हायला लागतं.

वाळवून धोका जाईल असं बरेच जण समजतात. नायट्रेट वाळवल्याने जात नाही. वाळवल्याने कमी होतं ते ज्वारीतलं हायड्रोसायनिक आम्ल. दोन्ही विषबाधांत गल्लत होते म्हणून सांगते. ज्वारीचं म्हणाल तर कापलेल्या ज्वारीच्या खुंटाला जानेवारीत जी कोवळी फूट येते, ती जनावरांना चारूच नका. चाऱ्याची टंचाई असली की लोक बैल-गाई तिथेच सोडतात आणि अर्ध्या तासात जनावर आडवं होतं. तिथे रक्त चॉकलेटी नाही, लालभडक दिसतं, डॉक्टरला फोन करताना एवढं सांगितलं तरी खूप मदत होते.

शंका असली तर चार-पाच ठिकाणच्या बुडाच्या कांड्या घेऊन सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. डायफिनाइलअमाइनचा थेंब कापलेल्या कांडीवर टाकला आणि गडद निळा रंग आला की नायट्रेट आहे हे कळतं. तो थेंब गंधकाम्लातला असतो, घरी करायचा प्रयोग नव्हे.

---

बरडवाला, कळमेश्वर

मॅडम, हे कोणीच सांगितलं नव्हतं. गवत बंद करतो. सध्या दावणीत धुऱ्याचं गवत आणि सोयाबीनचं कुटारच होऊन राहिलं. दूध खाली आलं. आणखी एक विचारतो, कुटारावर युरियाची प्रक्रिया करतात ती करू काय? सोयाबीनचं कुटार भरपूर आहे, थोडी धानाची तणसही (पेंढा) मिळते मौद्याकडून.

---

ढेप_चुनी

तणसावर करा, सोयाबीनच्या कुटारावर नको. ही प्रक्रिया धान-गव्हाच्या काडाला लागू पडते, सोयाबीन-तुरीच्या काडीत तिने फारसा फरक पडत नाही. खर्च वाया.

१०० किलो कोरडी तणस, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळला पाहिजे, खडा एकही राहता कामा नये. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर वीतभर तणसाचा थर, झारीने सारखं पाणी शिंपडायचं, पायाने तुडवायचं, पुन्हा थर. वरून प्लास्टिक, कडा मातीने दाबून हवाबंद. उन्हाळ्यात २१ दिवस सांगतात, या थंडीत चार आठवडे ठेवा, अमोनियाचं कामही थंडीत मंदच. उघडल्यावर रंग पिवळा-तपकिरी आणि नाकात झोंबणारा वास आला की जमलं. बुरशीचा वास आला तर हवा शिरली, ते फेकून द्या. रोज लागेल तेवढं आदल्या संध्याकाळी काढून पसरून ठेवायचं, वास उडाला की द्यायचं. पहिल्या दिवशी मूठभर, आठ-दहा दिवसांत पूर्ण. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नाही.

आणि कृपा करून कोरड्या चाऱ्यावर वरून युरिया भुरभुरवू नका, किंवा पिण्याच्या पाण्यात टाकू नका. दरवर्षी कोणीतरी असा शॉर्टकट सांगतं. त्याने जनावर तासाभरात फुगून मरतं.

पण ही तणस तुम्हाला फेब्रुवारीच्या मध्यात मिळेल. तोवरचं काय? गाईमागे रोजचं १२ किलो हिरवं कमी झालं असं धरा. नेपियरमध्ये पाणीच ८२ टक्के, म्हणजे कोरडा भाग २ किलोच्या थोडा वर आणि प्रथिनं जेमतेम १७०-१८० ग्रॅम. हे भरायला अडीच किलो सोयाबीनचं कुटार आणि ४०० ग्रॅम सरकीची ढेप (पेंड) जास्तीची दिली की हिशेब बसतो. म्हणजे दहा दुभत्यांना दिवसाला ४ किलो ढेप. ज्या गाई १० लिटरच्या वर देतात त्यांना थोडी जास्त, आटत आलेल्यांना नाही दिली तरी चालेल. ढेप रात्रभर भिजवा, काळी बुरशी आलेली कांडी काढून टाका. सोबत क्षार मिश्रण गाईमागे ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. कुटारावर पाणी शिंपडून थोडा गूळ किंवा चुनी (डाळीचा भरडा) मारली की खातात, नाही तर बारीक भुसा दावणीच्या तळाशी राहतो आणि आपण समजतो खाल्लं.

कोरडं वाढलं की पाणी वाढतं. सकाळी टाक्यातलं गार पाणी गाई ओठ लावून सोडतात. विहिरीचं ताजं पाणी ९ नंतर आणि ४ च्या सुमारास पाजा. दूध उतरण्यात या पाण्याचा वाटा लोक धरतच नाहीत.

---

हिरवा_चारा

पुढच्या हिवाळ्याचं बोलू. तुमची गरज मोजली तर मोठ्या दहा जनावरांना २५ किलो आणि कालवडींना १२ किलो, दिवसाला ३०० किलो हिरवं. डिसेंबर मध्य ते फेब्रुवारी अखेर ७५ दिवस, म्हणजे साडेबावीस टन. नेपियर या दिवसांत रोज १०० किलो देईल असं धरा, साडेसात टन. तूट १५ टनांची.

ही तूट ओटवर निघते. ओट हे थंडीचं पीक, ज्या हवेत नेपियर बसतं त्याच हवेत हे उठतं. वाण केंट किंवा फुले हरिता. पाऊण ते एक एकर लागेल, दोन कापण्यांत एकरी १६ ते २० टन मिळतात. सोयाबीन निघालं की तेच रान घ्या. बियाणं एकरी ४० किलो, दोन ओळींत २५-३० सेंटिमीटर. निम्मं ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, उरलेलं पंधरा दिवसांनी, म्हणजे सगळं एकदम तयार होऊन कडक होणार नाही. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, ८ ते १० सेंटिमीटर ठेवून. त्याच्या खाली कापलं तर दुसरी कापणी विसरा. दुसरी साधारण ४० दिवसांनी, फुलोऱ्यावर. पाणी १२-१५ दिवसांनी. एकरी ४० किलो नत्र, तीन हप्त्यांत : पेरणीला, महिन्याने, पहिल्या कापणीनंतर. आणि मॅडमनी सांगितलेलं नायट्रेट ओटलाही तंतोतंत लागू, युरियानंतर तीन आठवडे विळा नको.

आता जानेवारीत ओट पेरू नका. मार्चच्या उन्हात लगेच फुलोऱ्यावर येईल आणि हाती काडी लागेल. आता रान रिकामं असेल तर महिनाअखेरीस आफ्रिकन टॉल मका, अर्ध्या एकराला १५ किलो. एप्रिलच्या सुरुवातीला कापायला येतो, तेव्हा विहीर खाली जात असते आणि त्याची गरज पडतेच. पोंग्यात लष्करी अळी पहिल्या पंधरवड्यापासून बघत राहा.

---

जिगरी_गोठा

ओटपेक्षा बरसीम लावा ना भाऊ. प्रथिनं दुप्पट, ढेप वाचते.

---

धुऱ्यावरचा

बरसीमला पाणी ८-१० दिवसांनी लागते, आणि लाइन आठवड्याला बदलते हे विसरू नका. विहीर भरवशाची असेल तरच, आणि तेही पाव एकर. त्याला एकरी १० ते १२ किलो बी, म्हणजे पाव एकराला तीन किलो. बी मिठाच्या पाण्यात (१० लिटरला अर्धा ते एक किलो) टाकून तरंगतं ते कासनीचं तण काढून टाका, बुडालेलं साध्या पाण्याने दोनदा धुवा, मग रायझोबियम. हे जिवाणू बरसीमचेच पाहिजेत, हरभऱ्याचं पाकीट चालत नाही. पहिल्यांदा लावत असाल आणि जिवाणू लावले नाहीत तर पीक पिवळं पडून तिथेच राहते.

तुमचं बरड लसूणघासाला बरं. पाण्याचा निचरा चांगला, म्हणून तो तीन वर्षं टिकेल. वाण आरएल-८८, बी एकरी १० किलो, ३० सेंटिमीटरवर ओळी. पहिली कापणी दोन महिन्यांनी, पुढे दर २१-२५ दिवसांनी. बी घेताना अमरवेलाचं बी नाही ना हे बघूनच घ्या. एकदा ती रानात शिरली की तेवढा तुकडा कापून जाळावा लागते.

---

गुरांची_डॉक्टर

बरसीम आणि लसूणघास दोन्ही दव असताना, उपाशी पोटी, एकटे देऊ नका. पोटफुगी. आधी दोन किलो कुटार, मग हिरवं, आणि कुट्टीत दोन्ही मिसळलेलं सगळ्यात उत्तम. डावी कूस फुगलेली दिसली तर जनावराचं पुढचं अंग उंचावर घ्या, चालवा, आणि डॉक्टरला बोलवा. पाव लिटर गोडं तेल हळूहळू पाजता येतं, पण मान वर ताणून बाटली ओतू नका, तेल फुप्फुसात गेलं तर फुगीपेक्षा वाईट.

---

बरडवाला, कळमेश्वर

समजलं. पाणी आजपासून तोडतो, गवत फेब्रुवारीपर्यंत जसंच्या तसं. शेवटचं एक : ऑगस्ट-सप्टेंबरात हेच नेपियर इतकं होते की रानात उभं कडक होते. त्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) करून ठेवला तर ओटची गरज पडणार नाही काय?

---

ढेप_चुनी

पडेल, पण कमी. नेपियरचा मुरघास मक्यासारखा आपोआप जमत नाही, त्यात साखर कमी आणि पाणी जास्त. भर पावसात करूच नका. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरची उघडीप धरा. ४५ दिवसांचं गवत, सकाळी कापून दुपारपर्यंत रानातच सुकवा. मग एक इंचाची कुट्टी. मूठभर कुट्टी घट्ट दाबा : पाणी गळलं तर अजून ओली, हात उघडताच विखुरली तर फार वाळली, गोळा हळूहळू उमलला तर बरोबर. टनाला २० किलो गूळ पाण्यात विरघळवून थरांवर शिंपडा. मक्याला दोन किलो चालतो म्हणून इथेही तेवढाच टाकतात आणि मग मुरघासाला शेणासारखा आंबट-कुबट वास येतो.

दिवसाला मोठ्या जनावराला १५ किलो, दहा जनावरं, ७५ दिवस : ११ टनांच्या वर. घनमीटरला साडेपाचशे किलो बसतं असं धरा तर २० घनमीटरचा खड्डा, म्हणजे ५ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, १.६ मीटर खोल. काळ्या मातीत कच्चा खड्डा नको, भेगा पडून हवा शिरते; जमिनीवर सिमेंटच्या भिंती किंवा पिशव्या बऱ्या. भरणं एका दिवसात, फार तर दोन. वीत-वीत थर, प्रत्येक थरावर ट्रॅक्टर. भिंतीलगतचा कोपरा ट्रॅक्टरने दाबला जात नाही, तो पायाने, बुरशी पहिल्यांदा तिथेच येते. वरून प्लास्टिक, त्यावर माती नाही तर जुने टायर, ४५ दिवस हात लावायचा नाही.

रुंदी मुद्दाम अडीच मीटर सांगितली. रोज दीडशे किलो काढायचं तर पूर्ण तोंडावरून फक्त ७ सेंटिमीटरचा काप निघतो, हिवाळ्यात तेवढं कसंबसं चालतं. खड्डा याहून रुंद केला तर उघडं तोंड रोज हवेत राहून आतपर्यंत गरम होईल. खरं तर पिशव्याच घ्या, एकेक टनाच्या. एक आठवडाभर पुरते, आणि एखादी बिघडली तर तेवढीच जाते.

---

बरडवाला, कळमेश्वर

पिशव्या उंदीर कुरतडत नाही काय?

---

ढेप_चुनी

कुरतडतात. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, चारही बाजूंनी माणूस फिरेल एवढी जागा सोडा, खाली चुन्याचा थर किंवा राख, आणि आठवड्यातून एकदा भोकं बघायची. सापडलं की त्याच दिवशी चिकटपट्टी. पिशवीतून आंबट रस गळत असेल तर गवत सुकवलं कमी, ती पिशवी आधी संपवा.